बटण दाबले, पण काहीच घडले नाही: सुटे भाग बदलल्यानंतर बंद पडलेला संगणक

घरच्या संगणकात नवा भाग बसवला, झाकण लावले, बटण दाबले आणि काहीच घडले नाही, या प्रसंगाबद्दल मला बऱ्याच दिवसांपासून सविस्तर लिहायचे होते. नातेवाइकांत आणि सोसायटीत कुणाचा संगणक बिघडला की मला बोलावण्याची पद्धत पडली आहे, आणि त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते. मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडले जातात ती मुख्य पट्टी. सकाळपर्यंत नीट चालणाऱ्या संगणकाचा मदरबोर्ड नेमका भाग बदलला त्याच तासात आपोआप जाण्याची शक्यता थोडी असते. त्या तासात आपल्या हातांनी जे जोडले, काढले, सरकवले किंवा जोडायचे राहिले, त्यात कारण सापडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. वीज भिंतीपासून प्रोसेसरपर्यंत कोणत्या क्रमाने पोहोचते एवढे समजून घेतले, तर ती कुठे अडली आहे हे घरच्या घरी शोधता येते.

‘चालू होत नाही’ या तक्रारीखाली तीन निरनिराळ्या अवस्था येतात आणि त्यांची गल्लत केली की पुढचा सगळा शोध भरकटतो. पहिल्या अवस्थेत बटण दाबल्यावर पंखा हलत नाही, दिवा लागत नाही, आवाज येत नाही. दुसऱ्या अवस्थेत पंखे क्षणभर हलतात आणि लगेच थांबतात. तिसऱ्या अवस्थेत पंखे फिरत राहतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काही उमटत नाही. पहिलीत बहुधा वीज किंवा बटणाचा इशारा पोहोचलेला नसतो; दुसरीत वीज सुटते, पण एसएमपीएसला, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी करून देणाऱ्या पेटीला, कुठेतरी शॉर्ट (विजेचा नको तिथे झालेला थेट संपर्क) किंवा अतिरिक्त भार जाणवून तो स्वतःला बंद करून घेतो; तिसरीत वीज पोहोचलेली असते आणि प्रश्न रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा बायोसचा (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा) असतो. म्हणून कुणी फोन केला, की मी आधी बटण दाबायला सांगतो आणि त्या एका क्षणात नेमके काय दिसले, काय ऐकू आले, हे विचारतो.

आता त्या क्षणात आत काय घडते ते पाहू. जुन्या एटी पद्धतीच्या संगणकांत दर्शनी बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखे थेट मुख्य वीजच जोडत आणि तोडत असे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हा आराखडा आणला आणि ही रचना बदलली. आता भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डाला ५ व्होल्टची एक छोटी राखीव वीज सतत देत असतो. पारंपरिक रंगसंगतीत तिची तार जांभळी असते. कॅबिनेटचे बटण मदरबोर्डावरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते, इतकेच त्याचे काम. तो इशारा मिळाला की मदरबोर्ड हिरव्या तारेवरचा विद्युतदाब (व्होल्टेज) शून्याजवळ आणतो, आणि ही एसएमपीएसला दिलेली सुरू होण्याची आज्ञा असते. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात. ते स्थिरावल्यावर साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस करड्या तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा उलट निरोप देतो, आणि तो निरोप येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रोखून धरतो. ही साखळी ज्या कडीवर तुटते, त्यावर वरच्या तीन अवस्थांपैकी कोणती दिसेल हे ठरते.

शोधाला लागण्यापूर्वी सुरक्षिततेचे बोलणे आवश्यक आहे. आपल्याकडच्या बोर्डावरचे बटण फक्त फेज तोडते, आणि वायरिंग करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली घरेही मी पाहिली आहेत. त्यामुळे बटण बंद करण्यावर न थांबता प्लग काढून ठेवावा. प्लग काढल्यावर कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज बरीचशी निचरते. भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करावा. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा आत एकदिश झाला की तो ३२५ व्होल्टच्या आसपास जातो, आधुनिक पेट्यांत त्याहूनही वर, आणि तिथले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्लग काढल्यानंतरही काही काळ तो दाब धरून ठेवू शकतात.

पूर्ण शांततेपासून सुरुवात करू. भिंतीवरचा सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासावा. एक्स्टेंशन बोर्ड वगळून संगणक थेट भिंतीत लावून पाहावा. एसएमपीएसच्या मागचे छोटे बटण पाहावे, कारण काम करताना ते बंद केले जाते आणि मग तसेच राहते. जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० असा सरकवण्याचा लाल खटका असतो. अमेरिकेहून परत येताना कुणी जुना संगणक सोबत आणला असेल, तर प्लग लावण्यापूर्वी हा खटका पाहणे फारच महत्त्वाचे आहे, कारण तो ११५ वर असताना आपल्याकडची वीज दिली तर आतले भाग धडाक्याने फुटतात. बहुतेक नव्या पेट्या १०० ते २४० व्होल्ट स्वतः ओळखून घेतात आणि त्यांच्यावर हा खटका नसतो.

यानंतर २४ पिनांचा मोठा कनेक्टर. तो बसल्यासारखा दिसतो, पण बाजूची क्लिप खटकन अडकली नसेल तर एका कोपऱ्यात अर्धवट उचललेला राहतो. नवीन रॅम बसवताना हाताचा दाब नेमका त्याच्या शेजारी पडतो, त्यामुळे भाग रॅमचा बदलला आणि सुटला हा कनेक्टर, असे घडते. पुष्कळ मदरबोर्डांवर राखीव वीज पोहोचल्याचे दाखवणारा छोटा दिवा असतो. संगणक बंद असतानाही तो लागला, तर भिंतीपासून मदरबोर्डापर्यंतचा पहिला टप्पा शाबूत आहे असे समजावे.

तो दिवा लागतो आणि तरीही बटणाला प्रतिसाद मिळत नाही, अशा वेळी बटणावरच संशय घ्यावा. कॅबिनेटमधून येणाऱ्या बारीक तारा मदरबोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसतात आणि त्या जागेची अक्षरे इतकी बारीक असतात, की विजेरीशिवाय वाचता येत नाहीत. बटणाच्या दोन तारा उलटसुलट लावल्या तरी चालतात, दिव्यांच्या नाही. पण बटणाची जोडी एक घर बाजूला बसली तर संगणक मृतवत वाटतो. खात्रीची चाचणी सोपी आहे: ती जोडी काढावी, मदरबोर्डाच्या पुस्तिकेत त्या दोन पिना कोणत्या ते पाहावे आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या क्षणभर एकमेकींना टेकवाव्यात. संगणक सुरू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा जोडणीत आहे. इथे फक्त ५ व्होल्टपर्यंतचा दाब असतो, त्यामुळे भिण्याचे कारण नाही, मात्र शेजारच्या पिनांना टोक लागणार नाही इतका हात स्थिर हवा. रिसेटचे बटण आत रुतून बसले असेल तर प्रोसेसर सतत रोखलेला राहतो, म्हणून त्याचीही जोडी काढून पाहावी.

दुसऱ्या अवस्थेविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण तिच्यात होणारे नुकसान टाळता येण्याजोगे असते आणि तरीही ते वारंवार होते. सांगलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने ग्राफिक्स कार्ड घेतले आणि त्यासाठी अधिक वॅटचा मॉड्युलर एसएमपीएस घेतला. मॉड्युलर म्हणजे ज्याच्या केबल पेटीपासून सुट्या करता येतात असा. जुना एसएमपीएसही मॉड्युलरच होता. त्याच्या केबल कॅबिनेटच्या मागच्या बाजूने नीट ओवून बांधलेल्या असल्यामुळे त्याने त्या तशाच ठेवल्या, फक्त पेटी बदलली आणि त्याच केबल नव्या पेटीत खोचल्या. त्या बसल्याही. बटण दाबल्यावर पंखे एकदा हलले आणि थांबले. त्यानंतर भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत काहीच घडेना.

केबलचे मदरबोर्डाकडचे किंवा डिस्ककडचे टोक सर्वत्र ठरलेल्या प्रमाणाचे असते, पण पेटीकडच्या टोकाला असे कोणतेही सार्वत्रिक प्रमाण नाही. कोणत्या खाचेत १२ व्होल्ट, कोणत्या खाचेत ५ व्होल्ट आणि कुठे शून्य, हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो, आणि एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांतही ते वेगळे असू शकते. प्लॅस्टिकचा आकार जुळतो, म्हणून माणसाला वीजही जुळेल असे वाटते. भाच्याच्या संगणकात सगळ्या डिस्कच्या केबल काढल्या तेव्हा पंखे नेहमीसारखे फिरू लागले, आणि तिथे संशयाची दिशा मिळाली. नव्या पेटीसोबत आलेल्या केबल खोक्यातल्या पिशवीत बंद होत्या. जुनी आणि नवी सॅटा केबल (डिस्कला वीज देणारी) शेजारी ठेवून मल्टिमीटरने तपासली, तेव्हा दिसले की जुन्या केबलमुळे डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जात होते.

सर्व केबल, अगदी मोठ्या कनेक्टरचीसुद्धा, नव्या पेटीच्या लावल्या, आणि तरीही हार्ड डिस्क जोडली की संगणक पुन्हा क्षणात बंद होई. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुष्कळ हार्ड डिस्कच्या हिरव्या पट्टीवर, वीज आत येते त्या जागी, संरक्षक डायोड असतात. दाब मर्यादेबाहेर गेला की ते स्वतः शॉर्ट होतात आणि पुढच्या नाजूक भागांना वाचवतात. एकदा तसा डायोड शॉर्ट झाला की योग्य केबल लावूनही एसएमपीएसला तिथे शॉर्टच दिसतो आणि तो सुरू राहायला नकार देतो. प्लग काढून डिस्कच्या वीजजोडणीत ५ व्होल्ट आणि शून्य यांच्यामध्ये रोध मोजला, तर तो जवळजवळ शून्य आला. पुण्यातल्या एका जाणकार दुरुस्तीवाल्याने तो डायोड काढून टाकला, डिस्क फिरू लागली, आणि घरातली सारी छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता आली. डायोड काढलेल्या डिस्कला पुढे संरक्षण नसते, म्हणून तिचा वापर तेवढ्यावर थांबवणे भाग होते. अडीच इंची एसएसडीचे असेच झाले असते तर माहिती हाती लागण्याची शक्यता बरीच कमी होती. एसएमपीएस बदलताना त्याच्यासोबत त्याच्या सगळ्या केबल बदलायच्या, एकही जुनी ठेवायची नाही, हा नियम मी प्रत्येकाला न थकता सांगतो, कारण कॅबिनेटच्या मागे केबल ओवण्यात जाणारा एक तास त्या डिस्कवर साठवलेल्या वर्षांपुढे काहीच नाही.

क्षणभर हलून बंद होण्याचे आणखी एक कारण ग्राफिक्स कार्डासोबतच येते. प्रोसेसरचा ८ पिनांचा कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर पाहताक्षणी एकसारखे वाटतात, पण त्यांतल्या १२ व्होल्टच्या आणि शून्याच्या जागा उलट असतात. प्रोसेसरचा कनेक्टर चार-चार पिनांच्या दोन तुकड्यांत सुटतो आणि ग्राफिक्स कार्डाचा सहा आणि दोनमध्ये, ही त्यांची सहज ओळखता येणारी खूण आहे. पिनांच्या खाचांचे आकार वेगळे असल्याने चुकीचा कनेक्टर सहजासहजी बसत नाही. पण अंधाऱ्या कोपऱ्यात जोर लावला तर तो बसू शकतो, आणि मग १२ व्होल्टचा थेट शॉर्ट होतो. कनेक्टर बसवायला जोर लागतो आहे असे जाणवले की थांबावे आणि विजेरी घ्यावी. ग्राफिक्स कार्डाला लागणाऱ्या विजेचा हिशेबही इथेच करून टाकावा: मदरबोर्डावरचा स्लॉट ७५ वॅट देतो, ६ पिनांचा कनेक्टर आणखी ७५ आणि ८ पिनांचा १५०. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले जे संगणक बाजारात स्वस्तात मिळतात, त्यांचा एसएमपीएस बहुधा दोनशे-अडीचशे वॅटच्या आसपासचा असतो आणि त्यात हे जादा कनेक्टर नसतातच. शिवाय अशा कित्येक संगणकांत मदरबोर्डाचा मुख्य कनेक्टरही २४ पिनांचा नसून त्या कंपनीचा स्वतःचा असतो. म्हणून बाजारातला कोणताही एसएमपीएस आणून जोडता येईल असे गृहीत धरू नये.

मदरबोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये हलवला असेल तर त्याच्या खाली पाहणे आवश्यक ठरते. मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर उभा राहतो, त्या त्याच्या छिद्रांखालीच असाव्या लागतात. कॅबिनेट मोठ्या बोर्डासाठी बनवलेले आणि बोर्ड लहान, अशा वेळी एखादी जादा खुंटी बोर्डाच्या पाठीवरच्या झाळकामाला टेकते आणि शॉर्ट करते. निसटून मागे पडलेला स्क्रूही हेच करतो. संशय असेल तर बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा, त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी ठेवावी आणि पिना टेकवून चालू करून पाहावे. ज्या चकचकीत पिशवीतून बोर्ड येतो, तिच्यावर ठेवून हा प्रयोग करू नये, कारण तिच्या पृष्ठभागावरून वीज वाहू शकते. खोक्यावर चालू होणारा बोर्ड कॅबिनेटमध्ये चालू होत नसेल, तर शोध कॅबिनेटपुरता उरतो. दर्शनी यूएसबीच्या पोर्टमधली वाकलेली पिनही मग तपासावी.

साधा मल्टिमीटर हाताशी असेल तर अंदाज करण्याची गरज बरीच कमी होते. काळे टोक कुठल्याही काळ्या तारेला आणि लाल टोक २४ पिनांच्या कनेक्टरच्या मागून जांभळ्या तारेला लावावे, ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान आकडा आला तर राखीव वीज ठीक आहे. मग लाल टोक हिरव्या तारेला लावून कॅबिनेटचे बटण दाबावे. आकडा शून्याजवळ उतरला आणि तरीही पंखे हलले नाहीत, तर आज्ञा पोहोचली आहे आणि दोष एसएमपीएसमध्ये किंवा पुढच्या शॉर्टमध्ये आहे. आकडा उतरलाच नाही, तर दोष बटणापासून मदरबोर्डापर्यंतच्या टप्प्यात आहे. ही एक चाचणी शोधाचे दोन भाग करते आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची आहे. पुष्कळ नव्या पेट्यांच्या सगळ्या तारा काळ्या असतात. तिथे क्लिपच्या बाजूच्या ओळीत १३ ते २४ क्रमांकाच्या पिना असतात आणि आज्ञेची पिन १६वी, तर राखीव विजेची समोरच्या ओळीत ९वी, हे पुस्तिकेतल्या आकृतीशी ताडून घ्यावे.

एसएमपीएस एकटा तपासायचा तर सारे काही काढून हिरवी आणि तिच्या शेजारची काळी पिन तारेच्या तुकड्याने जोडतात. ती तार प्लग लावण्याआधी बसवावी. काही चांगल्या पेट्यांचा पंखा भार नसताना फिरतच नाही, त्यामुळे पंखा थांबलेला दिसला म्हणून पेटी बाद ठरवू नये, पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट मोजावेत.

तिसऱ्या अवस्थेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे वीज पोहोचलेली असते. रॅमच्या पट्ट्या काढून एकच पट्टी पुस्तिकेत सांगितलेल्या घरात, दोन्ही टोके खटकन बसेपर्यंत दाबून बसवावी. प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर जोडलेला नसला तरी पुष्कळ बोर्डांवर पंखे फिरतात आणि पडदा कोरा राहतो. प्रोसेसर बदलला असेल तर सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जुळणे पुरेसे नसते. इंटेलच्या एलजीए ११५१ या एकाच नावाच्या सॉकेटचे सहाव्या-सातव्या पिढीचे बोर्ड आठव्या पिढीचा प्रोसेसर चालवत नाहीत, आणि एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या जुन्या बोर्डांना रायझन ५००० मालिकेसाठी आधी बायोस अद्ययावत करावा लागतो. ते काम जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी केले तर पुष्कळ त्रास वाचतो. डीडीआर५ रॅम नव्याने बसवली असेल तर पहिल्या वेळी बोर्ड तिची जुळवणी करण्यात काही मिनिटे घेऊ शकतो. त्या काळ्या पडद्याला घाबरून बटण बंद केले की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बायोसच्या जुन्या नोंदी पुसण्यासाठी प्लग काढून सीआर२०३२ ही गोल बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी किंवा त्यासाठीचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) वापरावा, आणि जम्पर वापरल्यास तो पुन्हा मूळ जागी बसवावा, कारण पुसण्याच्या स्थितीत राहिला तर काही बोर्ड चालूच होत नाहीत.

इतके सगळे करूनही, खात्रीच्या एसएमपीएसवर, पुठ्ठ्यावर एकट्या ठेवलेल्या बोर्डाची हिरवी तार बटणाला दाद देत नसेल, तेव्हा मात्र ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य उच्चारायला आधार मिळतो. तरीही लगेच नवा बोर्ड घेण्याची घाई मी करत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा इतर मोठ्या शहरांतल्या अशाच बाजारांत चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलण्याचे, काम करणारे दुरुस्तीवाले आहेत, आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागातला एखादा शॉर्ट झालेला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) बदलून बोर्ड पुन्हा उभा करणे त्यांच्या रोजच्या कामातले आहे. त्यांच्याकडे जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात: कोणता भाग बदलल्यानंतर संगणक बंद पडला, बटण दाबल्यावर नेमके काय होते, आणि जांभळ्या व हिरव्या तारेवर किती व्होल्ट मोजले. काउंटरवर बोर्डासोबत तो कागदही द्यावा, आणि दुरुस्तीनंतर काढलेला भाग परत मागून घ्यावा.